तपासणीच्या दारावरील पहारा

दरवर्षी १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन पाळला जातो. त्या दिवशी जिल्ह्याजिल्ह्यांतून फेऱ्या निघतात, विद्यार्थ्यांच्या हाती फलक दिले जातात, आणि सभेच्या शेवटी एखादा वक्ता उठून सांगतो की, आजचा तरुण बेफिकीर आहे. मौज करण्यास तो पुढे असतो, परंतु रक्त तपासून घे म्हटले की मागे सरतो. टाळ्या पडतात, सभा विसर्जित होते, आणि ज्याच्या मनात खरोखरच शंका घर करून असते तो तरुण आपल्या हातातील फलक परत करून मुकाट्याने घरी जातो. एचआयव्हीच्या तपासणीस तरुण का जात नाहीत, या प्रश्नाचे हे उत्तर आम्हांस मुळीच मान्य नाही. ते सोयीचे मात्र आहे; कारण त्यात उत्तर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. आमचे म्हणणे असे की, तरुणास सुईची भीती नाही आणि रोगाची जी भीती आहे ती सोसण्याजोगी आहे. निकाल कळल्यावर घर, गाव, मालक आणि दवाखाना आपल्याशी कसे वागतील, ही भीती त्याचे पाऊल अडविते. आणि ती त्याच्या मनाची कल्पना नव्हे. आपल्या समाजाने प्रत्यक्ष वर्तनाने ती त्याला शिकविली आहे.

ही चाचणी म्हणजे काय प्रकार आहे, ते प्रथम सांगितलेले बरे. शासनाच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात ती विनामूल्य होते. आधी समुपदेशक एकांतात बोलतो, संमती घेतो, मग थोडेसे रक्त घेतले जाते. निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. पहिल्या चाचणीत विषाणूची खूण आढळली, तरी निराळ्या दोन चाचण्यांनी खात्री केल्यावाचून कोणास बाधित ठरवीत नाहीत. लागण होऊन थोडेच आठवडे झाले असतील तर ती चाचणीत न सापडण्याचा संभव असतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा येण्यास सांगतात. औषधे शासन १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य देत आहे, आणि २०१७ पासून तर निदान होताच, शरीर खंगण्याची वाट न पाहता, ती सुरू केली जातात. आज बहुतेक रुग्णांस दिवसाकाठी एक गोळी पुरते. ती नियमाने घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू इतका दबतो की तो मोजणीत सापडत नाही. आणि ही स्थिती टिकली तर त्याच्यापासून त्याच्या जोडीदारास शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे संशोधनाने निःसंशय सिद्ध झाले आहे. वैद्यकाने आपला वाटा उचलला आहे.

असे असूनही, २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक माणसे एचआयव्हीसह जगत आहेत, आणि राज्याराज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, म्हणजे ४ लाखांच्या आसपास आहे. त्यांपैकी देशभरात साधारणपणे पाचांत एकास आपण बाधित आहोत याचा पत्ताच नाही. या पाचव्या माणसास गोळी मिळत नाही, सल्ला मिळत नाही, आणि त्याच्या जोडीदारास सावध होण्याची संधीही मिळत नाही. तो कोठे अडला आहे, हे शोधावयाचे असेल तर व्यासपीठावरून खाली उतरून एखाद्या गावात गेले पाहिजे.

वेरूळचेच उदाहरण घेऊ. लेण्यांमुळे या गावाचे नाव जगभर गेलेले आहे, आणि तेथील तरुणांची पोटेही बऱ्याच अंशी त्या लेण्यांवरच चालतात. कोणी वाटाड्या आहे, कोणी प्रवासी वाहतुकीची गाडी चालवितो, कोणी खानावळीत राबतो, कोणी माळा आणि दगडी मूर्ती विकतो. ज्यांस तेथे काम लागत नाही ते वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटावर जातात. आसपासच्या तालुक्यांतील अनेक जोडपी ऊसतोडीस परजिल्ह्यांत जातात. यांपैकी एका तरुणाच्या मनात शंका आली असे समजा. तालुक्याचे गाव खुलताबाद चार-पाच किलोमीटरांवर आहे. घाटी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, सुमारे तीस किलोमीटरांवर आहे. नकाशावर पाहणाऱ्यास वाटेल की याला अडचण ती कोणती? परंतु तालुक्याच्या दवाखान्यात चिठ्ठी लिहिणारा ओळखीचा असतो. सफाई करणारी बाई मावशीच्या शेजारची असते. बाकावर गावचे गुरुजी रक्तदाब तपासण्यास बसलेले असतात. निकाल काय आला हे कोणास कळण्याची गरजच नाही. अमक्याचा मुलगा तमक्या खोलीपुढे बसला होता, एवढे वाक्य संध्याकाळपर्यंत गावात पोचले की पुरे. मग हा तरुण एक दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठण्याचा विचार करतो. तो दिवस या आठवड्यात निघत नाही, पुढच्या आठवड्यात हंगाम असतो, आणि शंका तशीच राहते. किंवा तो एखाद्या खाजगी प्रयोगशाळेत पैसे मोजून जातो. तेथे कागद खिडकीतून हाती ठेवला जातो, आणि त्यावरील अक्षरांचा अर्थ सांगण्यास कोणीही नसते.

याला बेफिकिरी म्हणावयाचे काय? उलट, हा मुलगा फार काळजीपूर्वक हिशेब करीत आहे. तपासणी न केल्यास काही वर्षांनी आजार येईल, कदाचित येणारही नाही. तपासणी केल्यास उद्याच नाव जाईल. उद्याच्या निश्चित अपमानापुढे दूरच्या अनिश्चित आजाराचे पारडे हलके ठरते. पारड्यात हा अपमान कोणी टाकला, हा खरा प्रश्न आहे.

वेरूळच्या वाटेवर या प्रश्नाचे उत्तर एकदा इतिहासात मिळालेले आहे. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी दरवाज्याबाहेरील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, आणि लगेच हौद बाटला म्हणून गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात जाण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर: आत कोठेही पाण्यास स्पर्श करावयाचा नाही, आणि त्यावर लक्ष ठेवण्यास हत्यारी शिपाई बरोबर देण्यात आला. बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग लिहून ठेवला आहे. येथे त्याची आठवण करण्याचे कारण एवढेच की, विटाळाची रीत त्यात पुरती दिसते. ज्याच्यापासून काहीही अपाय होत नाही त्याच्याभोवती पहारा बसविला जातो, आणि पहारा बसला की बघणाऱ्यास वाटू लागते, अपाय असल्यावाचून का कोणी पहारा बसवील? एचआयव्ही पाण्याने पसरत नाही, अन्नाने पसरत नाही, शेजारी बसल्याने, मिठी मारल्याने किंवा एकाच भांड्यातून जेवल्याने पसरत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि बाधित मातेकडून बालकास, एवढ्याच त्याच्या वाटा आहेत. तरीही बाधित सुनेचा पेला निराळा ठेवला जातो, तिचे कपडे निराळे धुतले जातात. यातले शास्त्र कोणते? हे तर हौदावरचेच शास्त्र आहे.

पहारा हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. १९८९ साली गोव्यात तो खराखुरा बसला होता. डॉमिनिक डिसोझा नावाचा एक तरुण नियमित रक्तदान करीत असे. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीतून तो बाधित असल्याचे शासनास कळले. त्याला समजावून सांगण्यास कोणी समुपदेशक गेला नाही. त्या फेब्रुवारीत पोलीस त्याच्या दारी गेले. क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरलेल्या एका इमारतीत त्याला एकाकी, पहाऱ्याखाली, ६४ दिवस ठेवण्यात आले. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, उच्च न्यायालयात दाद मागितली. त्याची सुटका झाली. परंतु ज्या कायद्याने त्याला कोंडले तो कायदा मात्र न्यायालयाने त्या वर्षअखेरीस वैध ठरविला. डॉमिनिकने पुढे बाधितांसाठी गोव्यात संघटना उभारली आणि १९९२ साली तो वारला. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून रक्त देणाऱ्या मुलाची ही गत झाली. ज्या पिढीने ही बातमी वाचली तिने आपल्या मुलांस तपासणीबद्दल काय सांगितले असेल?

त्याही पूर्वी, या रोगाचे देशातील पहिले निदानच अशा रीतीने झाले की कलंक त्याला जन्मतःच चिकटला. १९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तात हा विषाणू प्रथम आढळला. (सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील.) शोध मोलाचा होता आणि बाईंनी पुढे आयुष्यभर बाधितांची सेवा केली, यात शंका नाही. परंतु लोकांनी त्या शोधाचा अर्थ आपल्या सवयीप्रमाणे लावला. ज्यांस तपासले त्यांच्यात रोग सापडला, ज्यांस तपासले नाही ते शुद्ध ठरले. तेव्हापासून तपासणीस जाणे म्हणजे आपण ‘तसल्यां’पैकी आहोत अशी कबुली देणे, असा समज रूढ झाला. पुढे नव्वदीच्या दशकात भिंतीभिंतींवर कवटी आणि हाडे रंगवून एड्स म्हणजे मृत्यू असे लिहिले गेले. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. औषधे आली, मृत्यू मागे हटला. भिंतीवरची कवटी मात्र लोकांच्या डोक्यात अजून शाबूत आहे.

न्यायालयांनी नंतर आपली वाट बदलली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी मजुराचे प्रकरण आले. तो काम करण्यास समर्थ होता, परंतु एचआयव्ही आढळल्यामुळे सार्वजनिक क्षेत्रातील त्याच्या मालकाने त्याला कामावर घेण्याचे नाकारले. केवळ बाधित आहे म्हणून समर्थ माणसाची भाकरी हिरावता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. आणि तितकेच महत्त्वाचे हे की, त्याला आपले नाव गुप्त ठेवून दाद मागू दिली. निकालात तो केवळ ‘एम एक्स’ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली बाधिताचा विवाहाचा हक्क स्थगित असल्याचे म्हटले होते, ते म्हणणे २००२ साली त्याच न्यायालयाने मागे घेतले. शेवटी २०१७ साली संसदेने एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम संमत केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलात आला. त्यानुसार माणसाची समजून-उमजून दिलेली संमती घेतल्यावाचून चाचणी करता येत नाही. नोकरी अथवा शिक्षण देण्यासाठी चाचणीची अट घालता येत नाही. बाधितास कामावरून, शाळेतून, दवाखान्यातून किंवा भाड्याच्या घरातून त्या कारणास्तव काढता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे, आणि राज्यात लोकपाल असला पाहिजे.

कायदा उत्तम आहे. आता आम्ही विचारतो, वाळूजला कंत्राटावर जाणाऱ्या किती मुलांस आपल्या कारखान्यातील त्या तक्रार अधिकाऱ्याचे नाव ठाऊक आहे? असा काही अधिकारी असतो, हे तरी कोणी त्यांस सांगितले आहे काय? कारखान्याच्या दारावर शिरस्त्राण घालण्याची सूचना मोठ्या अक्षरांत असते. या कायद्याचा फलक शोधण्यास गेलो तर सापडेल काय? जो हक्क ज्याचा त्यालाच ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर कोणी आपले रक्त तपासून घेईल ही अपेक्षाच व्यर्थ आहे.

तरुण म्हटले की सभांतून मुलगाच डोळ्यांपुढे असतो. मुलीची गोष्ट अधिक कठीण आहे. पुष्कळ मुलींची पहिली तपासणी त्यांच्या निर्णयाने होतच नाही. ती गरोदरपणी होते. गरोदर स्त्रीस ही चाचणी देऊ केली जाते ती योग्यच आहे, कारण वेळीच औषध मिळाल्यास बाळ बहुधा वाचते. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, घरात रोगाचे नाव प्रथम तिच्या कागदावर येते. पती तोवर तपासलेलाच नसतो. ज्याने रोग आणला त्याचा कागद कोरा आणि जिला रोग लागला तिचा कागद भरलेला. मग घर कोणाकडे बोट दाखविणार? सासरकडील मंडळी तिला माहेरी धाडतात आणि मुलाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू करतात, असे प्रकार महाराष्ट्रात घडले आहेत आणि घडत आहेत. हे पाहिलेली धाकटी बहीण स्वतःहून चाचणीस जाईल काय? पतीपत्नींची चाचणी एकाच वेळी, एकाच बैठकीत व्हावी, एवढी साधी तजवीज जरी कसोशीने पाळली तरी निम्मा अन्याय टळेल. पण पतीस बोलावणे पाठविले की त्याला त्या दिवशी हटकून काम असते!

अठरा वर्षांखालील मुलामुलींची तर दोहोंकडून कोंडी आहे. त्यांच्या चाचणीस पालकाची संमती लागते. ज्याला आपली शंका बापास सांगता येत नाही तोच तर गुपचूप विचारण्यास आलेला असतो. त्याला आधी बापास घेऊन ये असे सांगणे म्हणजे दार लावून घेणे होय. शिवाय २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील कोणाचाही शरीरसंबंध हा गुन्हा ठरविला आणि तो कळताच पोलिसांस कळविण्याचे बंधन वैद्यासही घातले. बालकांवर अत्याचार करणाऱ्यांस शासन व्हावे, याविषयी दुमत असूच शकत नाही. परंतु सतरा वर्षांच्या मुलीने आपल्याच वयाच्या मुलाविषयी डॉक्टरांपाशी काही बोलावे आणि त्या बोलण्यातून फौजदारी उभी राहावी, अशी स्थिती असेल तर ती मुलगी डॉक्टरांपाशी बोलणारच नाही. किशोरवयीनांसाठी शासनाने २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला; आपल्या राज्यात त्याखालील दवाखान्यांस ‘मैत्री’ असे गोड नाव आहे. मैत्रीत विश्वास लागतो, आणि विश्वासाच्या आड येणारी कायद्याची ही गाठ सोडविण्याचे धैर्य संसदेनेच दाखविले पाहिजे.

आता ज्ञानाची गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) असे आढळले की, देशातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी केवळ शेकडा २१.६ आणि पुरुषांपैकी शेकडा ३०.७ यांस एचआयव्हीविषयी पुरेसे ज्ञान आहे. पुरेसे म्हणजे फार नव्हे: निरोधाच्या वापराने व एकनिष्ठ संबंधाने धोका घटतो, धडधाकट दिसणारा माणूसही बाधित असू शकतो, आणि रोगाच्या पसरण्याविषयीच्या दोन खुळ्या समजुती खोट्या आहेत, एवढेच. चाळीस वर्षे होत आली तरी हे चार शब्द लोकांपर्यंत का पोचले नाहीत? कारण ते शब्द उच्चारणाऱ्याची जीभ आम्ही वारंवार दाबली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांस सरळ उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली, म्हणजे दौलताबादचा प्रसंग घडला त्याच वर्षी, अशा एका खटल्यात उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडण्यास बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांस २०० रुपये दंड झाला. अज्ञानाने पीडलेल्या माणसाच्या प्रश्नास उत्तर देणे हा गुन्हा होऊ शकत नाही, ही त्यामागील भूमिका न्यायासनास पटली नाही. ती २००७ साली आपल्या विधिमंडळासही पटली नाही. संस्कृती बुडते अशी ओरड झाली आणि शाळांतून द्यावयाचे लैंगिक शिक्षण महाराष्ट्रात थांबविण्यात आले. मुलांस ज्ञान द्यावयाचे नाही, प्रश्न विचारल्यास डोळे वटारावयाचे, आणि मग ती तपासणीस येत नाहीत म्हणून व्यासपीठावरून त्यांस बोल लावावयाचा, हा न्याय अजब आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सर्वांची चाचणी सक्तीने करा; निदान विवाहापूर्वी तरी करा, म्हणजे मुलींचे रक्षण होईल. हा विचार अनेक सज्जनांच्या मनात येतो आणि म्हणून त्याचा परामर्श घेणे प्राप्त आहे. गोवा शासनाने २००६ साली विवाहापूर्वीच्या सक्तीचा मनोदय जाहीरही केला होता. परंतु लग्नाच्या दिवशी निर्दोष असलेला माणूस पुढे कधीच बाधित होणार नाही, असे प्रमाणपत्र कोणती प्रयोगशाळा देते? नुकतीच लागण झालेल्याची चाचणी निर्दोष येऊ शकते, हे आपण वर पाहिलेच. सक्ती आली की प्रमाणपत्रांचा बाजार आला, आणि तो कोणाच्या खिशास परवडेल हे सांगण्याची गरज नाही. मुलाचा दोषी कागद पैशाने पुसला जाईल. मुलीचा मात्र वेशीवर टांगला जाईल. सक्तीने रक्त मिळते, माणूस मिळत नाही. तो औषधास पुन्हा येत नाही, जोडीदारास सांगत नाही, गाव सोडून निघून जातो. गोळी तर जन्मभर घ्यावयाची असते, आणि जन्मभराची गोळी शिपायाच्या दंडुक्याने गिळवता येत नाही.

तर मग तरुण जातात तरी केव्हा? जातात, आणि पुष्कळ जातात. ज्याला कोणी एक विश्वासाचे माणूस बरोबर चल म्हणते तो जातो. ज्याला औषधाने माणूस पूर्ण आयुष्य जगतो हे ठाऊक असते तो जातो. दुसऱ्या कारणासाठी दवाखान्यात आला असता डॉक्टर ज्याला, स्वर न बदलता, हीही चाचणी करून घ्या म्हणतात तो बहुधा नाही म्हणत नाही. सांगलीत ‘संग्राम’ने १९९२ साली देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत काम सुरू केले, त्यातून १९९६ साली त्या स्त्रियांनी स्वतःचीच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. उपदेश करणारे बाहेरून येण्याऐवजी बरोबरीच्या बाईने निरोध द्यावा, माहिती द्यावी, दवाखान्यात सोबत यावे, ही तेथील रीत. ज्यांस समाजाने सर्वांत अडाणी आणि बेजबाबदार ठरविले होते त्या बायकांना जे साधले, ते आमच्या शिकलेल्या तरुण मंडळांना का साधू नये?

येथे आम्हांस आपल्याच लोकांशी दोन कठोर शब्द बोलले पाहिजेत. ज्यांच्या बापजाद्यांनी १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांच्या वस्त्यांतही बाधिताचा पेला निराळा ठेवला जातो. जयंतीच्या मिरवणुकीत समतेच्या घोषणा देणारे मंडळ, आपल्यातील एक कार्यकर्ता बाधित आहे असे कळताच त्याला वर्गणीच्या कामातून हळूच बाजूस सारते. दफनभूमीत खांदा देण्यास माणसे मागेपुढे पाहतात. विटाळ ज्याने सोसला त्याला विटाळ ओळखता आला पाहिजे; तो स्वतःच्या घरात दिसला तरी ओळखता आला पाहिजे. दुसऱ्यांनी आमच्यावर बसविलेला पहारा आम्ही उठविला, आणि तोच पहारा आमच्यातील आजारी मुलाच्या दारावर आम्हीच बसविला, तर मुक्तीचा आमचा अर्थ फार अपुरा म्हणावा लागेल. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तिचे कोणत्याही स्वरूपातील पालन निषिद्ध केले. ‘कोणत्याही स्वरूपातील’ हे शब्द आमच्या वाचकांनी जरा सावकाश वाचावेत.

घरी बसून स्वतःच करावयाच्या चाचणीचा उपाय हल्ली सुचविला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच त्याची शिफारस केली आहे. ज्याला स्वतंत्र खोली आणि शांत मन आहे त्याला तो उपयोगी पडेल. एका खोलीत सहा माणसे झोपणाऱ्या घरातील मुलाने ती पेटी कोठे उघडावी, हे मात्र शिफारस करणाऱ्यांनी सांगितलेले नाही.

वेरूळपुरती तरी आमची मागणी अगदी साधी आहे. लेणी मंगळवारी बंद असतात. त्या दिवशी वाटाड्यांस, गाडीवाल्यांस आणि दुकानांतील पोरांस सवड असते. एरवी सूर्यास्तापर्यंत त्यांस उसंत नाही. आरोग्य खात्याने दर महिन्याच्या एका मंगळवारी गावातच तपासणीची बैठक भरवावी. तेथे रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि एचआयव्ही या सर्व चाचण्या एकाच पडद्याआड, एकाच रांगेने व्हाव्यात, म्हणजे कोण कशासाठी उभा आहे हे रांगेतल्या कोणालाच कळणार नाही. समुपदेशक परगावचा असावा. संमतीचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत असावा आणि तो सावकाश वाचून दाखविला जावा. निकाल माणसाच्याच हाती, एकांतात मिळावा. ज्याला तेवढाही धीर नाही त्याच्यासाठी १०९७ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक बसथांब्यावर, चहाच्या टपऱ्यांवर आणि शाळेच्या भिंतीवर रंगवावा, कवटीचे चित्र न काढता. हे पत्रक गावातील मंडळांनी तहसील कार्यालयात आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे सह्यांनिशी द्यावे. सह्या करणाऱ्यांनी पहिल्या मंगळवारी त्या रांगेत स्वतः उभे राहावे, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी सर्वांत पुढे.